विश्लेषण : बाळाचे पहिले सत्त्व घरचे असावे, पण पातळ का नसावे?

सहा महिन्यांपर्यंत गुटगुटीत असलेले बाळ सातव्या-आठव्या महिन्यात एकदम ‘उतरले’, ही तक्रार अनेक घरांत ऐकू येते. दात येत असतील, नजर लागली असेल, आईचे दूध कमी पडत असेल, अशी कारणे शोधली जातात. बाळाला तर दिवसातून दोनदा नाचणीची पेज आणि दुपारी वरणावरचे पाणी मिळत असते, त्यामुळे त्या वाटीवर कुणाचा संशय जात नाही. अनेकदा अडचण नेमकी त्या वाटीतच असते. घरचे सत्त्व हा बाळाचा पहिला आहार म्हणून उत्तमच. पण ते पाण्यासारखे पातळ केले आणि रोज तेवढेच दिले, तर बाळाचे पोट भरते, पोषण होत नाही. असे का होते आणि सत्त्व नेमके कसे करावे, ते पाहू.

सहा महिनेच का?

जन्मापासून सहा महिने बाळाला फक्त अंगावरचे दूध द्यावे, पाणीही नको, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. भारत सरकारचे धोरणही तेच आहे. या काळात आईच्या दुधातून बाळाची सगळी गरज भागते. सहा महिन्यांनंतर दूध ‘पातळ’ होते किंवा त्यातला कस जातो, हा गैरसमज आहे. दूध तेवढेच चांगले राहते, बाळाची गरज मात्र वाढते. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला आईच्या दुधाखेरीज दिवसाला साधारण २०० किलोकॅलरी वरच्या आहारातून लागतात. नऊ ते अकरा महिन्यांत हा आकडा ३०० च्या आसपास जातो आणि वर्षानंतर ५५० पर्यंत.

दुसरे कारण लोहाचे. पूर्ण दिवसांचे बाळ आईच्या पोटातून लोहाचा साठा घेऊनच जन्माला येते. आईच्या दुधातले लोह बाळाच्या अंगी चांगले लागते, पण ते असते फारच थोडे. जन्मतःचा साठा सहा महिन्यांच्या सुमारास संपत येतो. तिथून पुढे लोह आहारातूनच यावे लागते. म्हणून वरचा आहार सुरू करताना दूध तोडायचे नाही. दोन वर्षांपर्यंत आणि त्यानंतरही स्तनपान चालू ठेवता येते.

‘सहावा लागला’ आणि ‘सहा पूर्ण झाले’ यांत फरक काय?

मराठी घरांत ‘सहावा लागला’ म्हणजे बाळाला पाच महिने पूर्ण झाले. वैद्यकीय सल्ल्यातील सहा महिने म्हणजे सहा पूर्ण, अर्थात १८० दिवस. या दोन बोलींत एक महिन्याचा फरक पडतो. अनेक घरांत मुलाचे उष्टावण सम महिन्यात आणि मुलीचे विषम महिन्यात करण्याची पद्धत आहे. त्यामुळे मुलीचे उष्टावण कधी पाचव्या महिन्यात होते, तर कधी सातव्याची वाट पाहिली जाते. विधी घरच्या रीतीप्रमाणे करायला हरकत नाही. पण रोजचा आहार सहा महिने पूर्ण झाल्यावरच सुरू करावा आणि त्यापुढे मुहूर्तासाठी लांबवू नये.

उशीर करणारी घरेही कमी नाहीत. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील सहा ते आठ महिने वयाच्या बाळांपैकी आईच्या दुधाबरोबर घन किंवा मऊ आहार मिळणारी बाळे सुमारे ४६ टक्केच होती. मान धरता येणे, आधाराने बसता येणे, इतरांच्या ताटाकडे पाहून तोंड उघडणे ही बाळ तयार असल्याची लक्षणे. दात येण्याची वाट पाहण्याची गरज नाही. मऊ अन्न बाळ हिरड्यांनी चिरडते. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाच्या बाबतीत मात्र सुरुवात कधी करायची, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

पातळ पेजेत नेमके काय कमी पडते?

इथे साधा हिशेब उपयोगी पडतो. दीडशे मिलिलिटरच्या वाटीत दोन चहाचे चमचे, म्हणजे सात-आठ ग्रॅम पीठ घालून पेज केली, तर त्या वाटीभर पेजेत जेमतेम २५ किलोकॅलरी असतात. तेवढ्याच आईच्या दुधात सुमारे १०० असतात. म्हणजे पातळ पेजेने पोट भरलेले बाळ त्यानंतर अंगावर कमी प्यायले, तर त्याला आधी मिळत होते त्यापेक्षाही कमी मिळते. आहार सुरू केल्यावर बाळ उतरते, त्यामागे अनेकदा हेच गणित असते.

आता त्याच वाटीत २० ग्रॅम पीठ आणि एक चहाचा चमचा साजूक तूप किंवा तेल घालून पाहू. पिठातून ७० आणि तुपातून ४५, असे मिळून ११५ किलोकॅलरी झाल्या. अशा दोन वाट्यांत दिवसाची २०० ची गरज भागते. पातळ पेजेने ती भागवायची तर आठ वाट्या पाजाव्या लागतील. सात किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी साधारण २०० मिलिलिटरच मावते. जागा कमी, गरज मोठी. म्हणून त्या जागेत काय घालतो, हे महत्त्वाचे.

डाळीचे पाणी, भाताचे पाणी, भाजीचे सूप, फळांचा रस यांचाही हिशेब असाच आहे. डाळीचा कस डाळीत राहतो आणि ती खाली बसते. बाळाच्या वाट्याला वरचे पाणी येते. ‘पचायला हलके’ म्हणून दिलेला हा आहार हलका असतो तो पोषणाने. सहा महिन्यांच्या बाळाला मऊ शिजवून घोटलेली डाळ पचते.

नाचणी का, आणि एकटी नाचणी का नाही?

कोकणापासून नाशिक-नंदुरबारच्या डोंगरपट्ट्यापर्यंत नाचणी हे बाळाचे पहिले धान्य मानले जाते, आणि त्याला आधार आहे. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तांदूळ आणि गहू याच्या जवळपासही येत नाहीत. नाचणीत ग्लुटेन नसते, ती स्वस्त आहे, गावात मिळते. मोड आणल्यावर तिच्यातील फायटेट कमी होते. हे फायटेट धान्यातील लोह आणि जस्त धरून ठेवते आणि अंगी लागू देत नाही. पूर्वापार आपल्याकडे सत्त्वासाठी नाचणी भिजवून मोड आणले जातात, त्यामागचे शास्त्र हे असे.

पण अंगावर पिणाऱ्या बाळाला कॅल्शियम दुधातूनही मिळत असते. त्याला तातडीने हवे असते लोह. १०० ग्रॅम नाचणीत ते चार-साडेचार मिलिग्रॅमच असते. वाटीभर सत्त्वाला लागणाऱ्या २० ग्रॅम पिठात एक मिलिग्रॅमही नाही, आणि त्यातलेही थोडेच अंगी लागते. शिवाय कोणत्याही एकट्या धान्यातील प्रथिने अपुरी असतात. धान्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी, डाळीत ते भरपूर. डाळीत जे कमी असते, ते धान्य भरून काढते. वरणभात किंवा खिचडी ही जोडी यामुळेच टिकली. बाळाच्या वाटीलाही तोच नियम लावायचा : धान्य, डाळ, थोडी स्निग्धता आणि लोह देणारा एखादा पदार्थ.

नाचणीचे सत्त्व घरी कसे करावे?

अर्धा किलो नाचणी निवडून खडे काढा. पाणी स्वच्छ येईपर्यंत चार-पाच वेळा धुवा. रात्रभर भिजत घाला. सकाळी पाणी निथळून स्वच्छ, ओल्या सुती फडक्यात सैल बांधून ठेवा. उन्हाळ्यात एका दिवसात, थंडीत दीड-दोन दिवसांत बारीक मोड दिसतात. मधूनमधून फडक्यावर पाणी शिंपडा. आंबूस वास आला, चिकट तार सुटली किंवा बुरशीचा ठिपका दिसला, तर ती नाचणी बाळासाठी वापरू नका.

मोड आलेली नाचणी घरात पंख्याखाली किंवा स्वच्छ फडक्याने झाकून उन्हात कडकडीत वाळवा. मग मंद आचेवर हलके भाजून, पूर्ण गार झाल्यावर मिक्सरमध्ये दळा आणि बारीक चाळणीने चाळा. गिरणीतून दळून आणणार असाल, तर आपल्या आधी कशाचे दळण होते ते विचारा आणि सुरुवातीचे मूठभर पीठ बाजूला काढा.

जुन्या पद्धतीत मोड आलेली नाचणी ओलीच वाटून, फडक्यातून गाळून, तळाशी बसलेला साका वाळवतात. हे वस्त्रगाळ सत्त्व अगदी मऊ होते, परंतु टरफलाबरोबर तंतू आणि कॅल्शियमचाही काही भाग चोथ्यात जातो. अगदी सुरुवातीच्या दिवसांत ते चालेल. पुढे चाळलेले पीठ जास्त बरे.

तांदूळ-मुगाची भरड कशी करावी?

दोन वाट्या तांदूळ आणि एक वाटी मुगाची डाळ घ्या. उकडा किंवा हातसडीचा तांदूळ मिळाला तर उत्तम. दोन्ही धुवून, फडक्यावर पसरून पूर्ण वाळवा. मग वेगवेगळे मंद आचेवर खमंग वास येईपर्यंत भाजा, कारण डाळ लवकर लाल होते. गार झाल्यावर दोन्ही एकत्र करून रव्यासारखे दळा. सुरुवातीला बारीक, आठव्या महिन्यानंतर थोडे जाडसर. नाचणीचे पीठ आणि भाजलेल्या मूगडाळीचे पीठ याच दोनास एक प्रमाणात एकत्र करून ठेवले, तर नाचणीची उणीवही भरून निघते.

ही दोन्ही पिठे एकदम किलोभर करून ठेवू नयेत. पंधरा दिवस पुरतील एवढीच करावीत आणि कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावीत. ओला चमचा घालू नये. पावसाळ्यात पीठ फ्रीजमध्ये ठेवलेले बरे. वास बदलला किंवा जाळी धरली, तर टाकून द्यावे.

शिजवताना प्रमाण किती?

एका वेळेसाठी दोन मोठे चमचे पीठ, म्हणजे १५ ते २० ग्रॅम, आणि वाटीपेक्षा थोडे जास्त पाणी. पीठ आधी थंड पाण्यात कालवले, तर गुठळ्या होत नाहीत. मंद आचेवर सतत ढवळत नाचणी सात-आठ मिनिटे, भरड बारा-पंधरा मिनिटे शिजवा. कच्चट वास पूर्ण गेला पाहिजे. मोड आणताना धान्यावर जंतूही वाढतात; म्हणून सत्त्व नुसते गरम पाण्यात कालवून देऊ नका, ते खळखळून उकळलेच पाहिजे. उतरवल्यावर एक चहाचा चमचा तूप किंवा तेल घाला. हवे असल्यास आईचे काढलेले दूध कोमट सत्त्वात मिसळता येते, ते मात्र उकळायचे नाही.

दाटपणाची परीक्षा सोपी आहे. चमच्यात घेतलेले सत्त्व चमचा किंचित तिरका केला तरी ओघळून जाता कामा नये, हळूहळू घसरावे. बाटलीच्या बुचाला मोठे भोक पाडून पेज पाजण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते. ती दोन्ही बाजूंनी घातक आहे. त्यासाठी पेज पातळ करावी लागते आणि बाटली नीट स्वच्छ होत नाही, त्यातून जुलाब होतात. वाटी-चमचाच वापरावा.

बाळ घट्ट गिळत नसेल तर?

इथे मोडाच्या पिठाचा आणखी एक उपयोग आहे. मोड येताना धान्यात अमायलेज नावाचे विकर तयार होते आणि ते पिष्ठाचे तुकडे करते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात यावर काम केले. घट्ट शिजवलेल्या लापशीत असे पीठ चिमूटभर घातले, की काही मिनिटांत ती सैल होते. पाणी न वाढवता आणि उष्मांक कमी न होता बाळाला गिळायला सोपी बनते.

घरी करायचे तर गव्हाला किंवा नाचणीला मोड आणून, वाळवून, अगदी हलके गरम करून थोडे पीठ वेगळे ठेवा. हे खरपूस भाजायचे नाही, नाहीतर विकर निकामी होते. घट्ट सत्त्व आचेवरून उतरवून किंचित निवू द्या आणि गरम असतानाच त्यात अर्धा चहाचा चमचा हे पीठ ढवळा. चार-पाच मिनिटांत ते सैल झाल्यावर पुन्हा एक उकळी काढून मग बाळाला द्या. सत्त्वच मोडाच्या नाचणीचे असेल, तर ते साध्या पिठापेक्षा मुळातच कमी दाटते. त्यामुळे त्यात पीठ थोडे जास्त घालता येते.

लोह कुठून आणायचे?

याच सर्वेक्षणात महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयोगटातील जवळपास ६९ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. देशाचा आकडा ६७ टक्के होता. शहर-खेडे, गरीब-श्रीमंत असा भेद यात फारसा मदतीला येत नाही. मेंदूची वाढ सर्वाधिक वेगाने होते त्याच काळातली ही कमतरता आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचना इथे स्पष्ट आहेत. सहा महिन्यांनंतर बाळाला अंडी, मासे किंवा मांस रोज मिळावे, फळे-भाज्या रोज मिळाव्यात, मांस-मासे कमी असतील तिथे डाळी-कडधान्ये, दाणे आणि तेलबिया वारंवार द्याव्यात. आणि नुसत्या पिष्टमय अन्नावर भर कमी ठेवावा. म्हणजे सत्त्व हा आहाराचा पाया असू शकतो, संपूर्ण आहार नव्हे.

मांसाहारी घरात अंडे सहा महिन्यांनंतर पूर्ण उकडून, कुस्करून देता येते. वर्ष होण्याची वाट पाहायची गरज नाही. शिजलेले चिकन किंवा मटणाचा खिमा बारीक वाटून भरडीत मिसळता येतो. काटे नीट काढलेला मासाही चालतो. नुसता रस्सा किंवा सूप मात्र पुरत नाही, मांसच वाटून द्यायला हवे. शाकाहारी घरात घोटलेली डाळ, मोडाची शिजवून गाळलेली मटकी किंवा मूग, पालेभाजी यांवर भर द्यावा. वर लिंबाचे दोन-चार थेंब पिळावेत किंवा सोबत पेरू, पपई, संत्रे असे काही मऊ करून द्यावे. क जीवनसत्त्वामुळे वनस्पतीतले लोह जास्त शोषले जाते. दाण्याचा कूट अगदी बारीक, पेस्टसारखा करून सत्त्वात घालता येतो. अख्खा दाणा मात्र घशात अडकतो, आणि बुरशी लागलेले, कडवट दाणे कधीच वापरू नयेत. घरात कुणाला तीव्र ॲलर्जी असेल किंवा बाळाला इसब असेल, तर दाणे आणि अंडे सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे.

एवढे करूनही आहारातून लोह पूर्ण मिळणे कठीण जाते. म्हणून ‘ॲनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमात सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना लोह आणि फॉलिक ॲसिडचे सिरप आठवड्यातून दोनदा, प्रत्येक वेळी १ मिलिलिटर दिले जाते. एका मात्रेत २० मिलिग्रॅम लोह असते. ते आशाताईंकडे किंवा आरोग्य केंद्रात मोफत मिळते. घरचे सत्त्व देणाऱ्या घरांनी हे सिरप आवर्जून मागावे. त्याने शी काळपट होते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. बाळ आजारी असेल किंवा घरात थॅलेसेमिया असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे.

किती आणि किती वेळा?

पहिल्या दिवशी वाटी संपवायची नसते. दोन-तीन चमचे गेले तरी पुरे. तोंडात घातलेले जिभेने बाहेर ढकलणे म्हणजे नकार नव्हे. बाळ गिळायला शिकत असते. नवा पदार्थ आठ-दहा वेळा समोर आल्यावर अनेक बाळे तो स्वीकारतात.

सहा ते आठ महिने : दिवसातून दोन-तीन वेळा, दोन-तीन मोठ्या चमच्यांपासून सुरुवात करून हळूहळू अर्ध्या कपापर्यंत (कप २५० मिलिलिटरचा). मऊ, घोटलेले.

नऊ ते अकरा महिने : तीन-चार वेळा अर्धा कप, आणि मधे एक-दोनदा केळे, उकडलेले रताळे, अंडे असे काही. बारीक चिरलेले, हाताने उचलता येईल असे. याच वयात दाणेदार अन्नाची सवय लागते. सगळे मिक्सरमधून काढत राहिले, तर पुढे बाळ चावून खायला कंटाळते.

एक ते दोन वर्षे : तीन-चार वेळा पाऊण ते एक कप घरचेच जेवण, मधले खाणे आणि अंगावरचे दूध.

नवे पदार्थ एकेक करून, दोन-तीन दिवसांच्या अंतराने द्यावेत, म्हणजे काही बाधले तर कळते. मोबाइलवर फिरणाऱ्या ‘सोळा धान्ये आणि सुकामेव्याचे सत्त्व’ अशा कृती पहिल्या आहाराला नकोत, त्याचे हेही एक कारण. आणि मोबाइल भरवतानाही नको. पडद्याकडे पाहत बाळ जास्त खाते असे वाटते, पण भूक आणि पोट भरल्याची जाणीव यांच्याशी त्याची ओळखच होत नाही. मान वळवली, तोंड मिटले, की थांबावे.

काय टाळावे?

मध वर्षभर देऊ नये, चाटवूही नये. त्यातील जिवाणूंच्या बीजाणूंमुळे लहान बाळाला बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. गुटीतून दिला जाणारा मधही यात आला. साखर, गूळ आणि मीठ वर्षापर्यंत लागत नाही. बाळाला अळणी कळत नाही, चव आपल्याला लागते. चहा-बिस्किट नको, त्यातून पोट भरते आणि चहामुळे लोहाचे शोषण घटते. झोप लागावी म्हणून जायफळ नको. गाई-म्हशीचे दूध वर्षाच्या आत मुख्य पेय म्हणून देऊ नये. अख्खे दाणे, फुटाणे, द्राक्षे, कच्चे गाजर यांनी घास अडकू शकतो. बाळाला बसवूनच भरवावे, झोपवून नाही.

शिजवलेले सत्त्व दोन तासांच्या आत संपवावे, उरलेले उष्टे पुन्हा गरम करून देऊ नये. हात, वाटी आणि चमचा दर वेळी साबणाने धुवावेत. बाळाचे पाणी उकळून गार केलेले असावे.

बाजारचे पाकीट की घरचे सत्त्व?

पाकिटातल्या तयार सीरियलची एक बाजू मान्य करायला हवी : त्यात लोह आणि जीवनसत्त्वे वरून घातलेली असतात, घरच्या सत्त्वात ती नसतात. दुसऱ्या बाजूला किंमत जास्त, चव एकसुरी आणि कधी साखरही. एका बहुराष्ट्रीय कंपनीच्या भारतात विकल्या जाणाऱ्या शिशुआहारात साखर घातलेली असल्याचे स्वित्झर्लंडमधील ‘पब्लिक आय’ या संस्थेने एप्रिल २०२४ मध्ये दाखवून दिले, तेव्हा बरीच चर्चा झाली. दोन वर्षांखालील मुलांसाठीच्या अशा आहाराची जाहिरात करण्यावर आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने आणि २००३ च्या दुरुस्तीने बंदी आहे. कामावर जाणाऱ्या आईने प्रवासात कधी पाकीट वापरले, तर अपराधी वाटून घ्यायचे कारण नाही. वेष्टनावर साखर किती आणि लोह किती, एवढे जरूर वाचावे. रोजच्यासाठी घरची भरड, डाळ, अंडे किंवा भाजी आणि सोबत लोहाचे सिरप ही जोडी पाकिटाची उणीव भासू देत नाही. सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांना अंगणवाडीतून घरपोच आहारही मिळतो. तो बाळाचा आहे, घरातल्या सगळ्यांचा नाही.

आहार पुरतो आहे, हे कसे ओळखायचे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यानुसार सहा महिने ते एक वर्ष या काळात बाळाचे वजन साधारण दीड-पावणेदोन किलोने वाढते. एका दिवसाचा आकडा महत्त्वाचा नाही. माता-बाल संरक्षण कार्डावरची रेघ वर जाते आहे का, ते पाहायचे. ती आडवी झाली, तर बाळाला टॉनिक सुरू करण्याआधी वाटीत पाहावे : सत्त्व किती दाट, डाळ आहे का, तूप-तेल आहे का, दिवसातून किती वेळा. आशाताई तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात घरी भेट देतात. तेव्हा हे मोकळेपणाने विचारता येते. दोन महिने वजन वाढले नाही, बाळ सतत मलूल राहिले, फिकट दिसले, वारंवार जुलाब झाले किंवा खाताना दर वेळी ठसका लागत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. जुलाब झाले तरी खाणे बंद करू नये. अंगावरचे दूध, ओआरएस आणि मऊ आहार चालूच ठेवावा.

सर्वेक्षण सांगते, की देशात सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी मुले शंभरात अकराच आहेत. सगळीकडे कारण एकच नाही. जिथे घरात धान्यच नाही, तिथे सल्ल्याने पोट भरत नाही. पण ज्या घरात पीठ, डाळ आणि तूप हाताशी आहे, तिथे बाळाचे वजन केवळ जास्त पाण्यामुळे अडत असेल, तर तो उपाय त्या घराच्याच हातात आहे. उद्या सत्त्व करताना पाण्याचे भांडे थोडे कमी तिरके करावे आणि पिठाचा आणखी एक चमचा घालावा. सुरुवात तिथूनच होते.